खाऱ्या पाण्याची टाकी आणि सरावलीचे घर यांची व्यवस्था

मी रामकिसन तुळशीराम घोलप, वय शहात्तर, मूळ राहणार परतूर, जिल्हा जालना, हल्ली राहणार सरावली, बोईसर, जिल्हा पालघर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बीपीची गोळी घेतली आहे. शेजारी बसून कोणी मला सांगत नाही. डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे, कारण माझा मुलगा पहिली शंका तीच काढील. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केल्याचे कोणी दाखवले तर ते खोटे समजावे.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. म्हणून आधी वकिलांकडे गेलो होतो. त्यांनी मसुद्यात घर "मुलगा व मुलगी यांस समसमान" असे घातले आणि म्हणाले, "काका, दोघांच्या नावावर ठेवा, म्हणजे भांडणच नको." मी मसुदा परत केला. लहान जागेत दोघांना सोडा, काही होत नाही, असे मला पूर्वीही एकाने सांगितले होते. त्याचे काय झाले ते खाली येईल. ते वाचल्याशिवाय माझी व्यवस्था कोणाला पटणार नाही, म्हणून सगळे लिहितो.

कलम १. सरावलीचे रो-हाउस, बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर व मागची मोरी, हे मी कारखान्यात फिटर म्हणून केलेल्या नोकरीच्या पैशातून घेतले. परतूरच्या शेतीचा एक पैसा त्यात नाही. माझ्या भावांनी किंवा पुतण्यांनी हक्क सांगू नये. शेती त्यांनी खाल्ली तेव्हा मी बोललो नाही.

कलम २. माझी पत्नी इंदुबाई हिचे गुडघे गेले तेव्हा ती बाहेरच्या खोलीत दिवाणावर बसून असायची. दवाखान्यात तिने माशांची टाकी पाहिली आणि म्हणाली, "अहो, हे असलं घरी असतं तर दिवस तरी गेला असता." तेव्हा मी शंभर लिटरची टाकी आणली. खाऱ्या पाण्याची, आत दगड आणि दगडांवर उमलणारी मऊ जिवंत फुले. हे काम किती नाजूक असते ते मला ठाऊक नव्हते. शेजारचा जितेश तांडेल दातिवऱ्याचा, पिढीजात मासेमार. तो हसला. "काका, दर्या हाय इतका मोठा नि तुमी पिशवीतलं मीठ इकत घेता? आमी मासं धरतो, खातो. सांभाळणारा तुमीच एक पायला." पण एमआयडीसीच्या बाजूच्या समुद्राचे पाणी टाकीत घालायची माझी छाती झाली नाही. आरओचे पाणी आणि विकतचे मीठ, हेच आजपर्यंत चालू आहे.

बोईसर स्टेशनजवळच्या दुकानातला बबलू मासे द्यायचा. आम्ही विचारायचो, हा त्याच्याबरोबर राहील का? तो म्हणायचा, "चाचा, सब साथ में रहेंगे, टेन्शन मत लो." मी टेन्शन घेतले नाही आणि पहिले मासे सगळे मेले. कोणी कोणाचे कल्ले फाडले, कोणी फुलेच खाल्ली, एक तर टाकीत मावणार नाही एवढा वाढणारा निघाला. बबलू म्हणाला, "मछली की लाइफ है, चाचा." इंदूने त्या दिवशी त्याला दुकानात जाऊन झापले. गुडघे दुखत असताना गेली. तेव्हापासून तो खरे सांगू लागला.

खरे असे होते. लहान टाकीत मासे थोडे घ्यावेत. एका रंगाचे, एका बांध्याचे दोन घेऊ नयेत, ते एकमेकांना वैरी समजतात. जन्माची जोडी असेल तर गोष्ट वेगळी. फुले खाणारा नको. मोठा होणारा नको. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, गरीब मासा आधी सोडावा, त्याला बीळ सापडू द्यावे, खायला बाहेर येऊ द्यावे, मग दांडगा सोडावा. दांडगा आधी गेला की सगळी टाकी आपली म्हणतो.

आम्ही तसेच केले. आधी एक बारीक मासा, पुढून पांढरा, मागून लाल, कुणी आले की बिळात. इंदूने तिचे नाव लाजरी ठेवले. मग केशरी पट्ट्यांच्या जोकर माशांची जोडी. मग वाळूतल्या बिळात राहणारा एक गोबी जातीचा मासा आणि त्याच्याबरोबर राहणारी कोळंबी. ती खणते, हा पहारा देतो. बस. बबलू अजून एक घ्या म्हणायचा, इंदू म्हणायची, "नको. चार माणसं नीट नांदत असली की पाचवं आणायचं नसतं." ती गेली तोपर्यंत ही मंडळी नीट होती.

कलम ३. इंदूच्या मागे माझा मुलगा भाग्येश व सून वैभवी माझी काळजी घ्यायला म्हणून राहायला आले. बाहेरची खोली माझी आणि टाकीची राहिली, आतली त्यांनी घेतली. इंदूची मोहनमाळ सुनेकडे आहे. ती तिने मला विचारून घेतली नाही. तरी ती परत मागू नये. मोहनमाळ गेली असे धरून मी बसलो आहे.

माझी पंचाहत्तरी केली, तेव्हा भाग्येशने दुकानातून निळा मासा आणला. तो एकच घेणार होता, पण वैभवी म्हणाली, शुभ कार्यात एकटं देऊ नये, जोडी द्यावी. म्हणून दोन. जातच अशी की दुकानात सगळ्यात स्वस्त, सगळ्यात देखणी, आणि दोघांतला प्रत्येक जण टाकीचा मालक. मी म्हणालो, "हे परत द्या." सून म्हणाली, "आप्पा, घरी आलेला पाहुणा परत पाठवतात का?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्या विहीणबाई, म्हणजे वैभवीची आई गोजराबाई, पुढे आल्या. "नव्या पाव्हण्याला असंच घरात घेत्यात व्हय?" असे म्हणून त्यांनी माझ्या ताम्हनातले हळद-कुंकू आणि अक्षता मूठभर उचलून टाकीत टाकल्या. पाणी लाल झाले. मी ओरडलो. भाग्येश माझा दंड धरून म्हणाला, "आप्पा, पाहुण्यांसमोर तमाशा नको." पाहुणे पेढे खात होते.

फुले मिटली ती बरेच दिवस उघडली नाहीत. तांदूळ दगडांच्या फटीत कुजले. मी रोज नळीने काढत राहिलो. तेवढ्यात एका निळ्याने दुसऱ्याला मारले. मग राहिलेल्याने लाजरीला धरले. मारायचा नाही. ती बाहेर आली की अंगावर जायचा, एवढेच. ती खायला यायची बंद झाली, पाइपच्या मागे चिकटून राहू लागली, आणि एके सकाळी झाकणाच्या फटीतून उडी मारून फरशीवर मेली. सून झाडत होती. तिने हाक मारली, "आप्पा, ही पाल आहे की मासा?" आणि सुपलीत भरली.

भाग्येशला म्हणालो, निळा काढायला दगड उचलावे लागतील, माझे हात कापतात, जरा ये. तो म्हणाला रविवारी. कुठला रविवार ते बोलला नाही.

कलम ४. माझी मुलगी प्रतीक्षा भाग्येशपेक्षा मोठी. पालघरच्या एका रुग्णालयात आया म्हणून कामाला आहे. तिच्या नवऱ्याने दुसरे घर केले, तेव्हा ती पिशवी घेऊन इथे आली. मी तिला इथेच राहा म्हणालो. सून हसून म्हणाली, "ताई, मोरीची वेळ ठरवून घेऊ या, म्हणजे कोणाला त्रास नको." मग फ्रिजमधला कप्पा ठरला. मग कपडे वाळत घालायची दोरी ठरली. मग गोजराबाई राहायला आल्या आणि प्रतीक्षाची गादी स्वयंपाकघरात गेली. ती सगळ्यांच्या मागून, ओट्याशी उभी राहून जेवायची. मी म्हणालो, "बस की गं." ती म्हणाली, "बरंय आप्पा, उभ्यानं लवकर होतं." शेवटी तिने मासवणला खोली घेतली.

मी भाग्येशला बोललो. तो म्हणाला, "तिनंच ठरवलं ना? आम्ही जा म्हटलं का?"

जा असे कोणी म्हणाले नाही, हे खरे आहे. निळा मासाही काही म्हणत नव्हता.

कलम ५. निळ्याचे मी पुढे काय केले ते लिहितो, कारण कलम ६ त्यावर आहे. बबलू घरी आला. म्हणाला, "चाचा, मारो मत इसको. जाली के डिब्बे में बंद करो. पत्थर सब का जगह बदल दो. छोटेवाले को छोड़ो, उसको घर बनाने दो. फिर इसको छोड़ो. इसको लगेगा किसी और के घर आया है." मला हसू आले. पण जितेशने दगड उचलले, मी सांगितले तसे फिरवले, उजवीकडचे डावीकडे, उभे ते आडवे. लाजरीच्या जातीचा नवा मासा सोडला. तो स्थिरावल्यावर निळ्याला डब्यातून काढला. तो आपली जागा शोधत फिरला, सापडली नाही, आणि मागच्या काचेपाशी एका कपारीत जाऊन बसला. आज दोघेही टाकीत आहेत. निळा कुरबुर करतो. नवा मासा बाहेर येऊन खातो.

कलम ६. वैभवीच्या भावाचे लग्न जालन्याला आहे. गोजराबाई आधीच गेल्या होत्या. भाग्येश, वैभवी परवा गेले. मला कोणी चल म्हटले नाही. ते गेल्यावर मी जितेशला बोलावले आणि आम्ही घर फिरवले. आतल्या खोलीतले त्यांचे कपाट, पलंग, टीव्ही बाहेरच्या खोलीत आणला. माझी कॉट आणि टाकी आतल्या खोलीत गेली. टाकी रिकामी करून, पाणी ड्रमात धरून, पुन्हा भरताना माझा जीव अर्धा झाला, पण मासे सगळे वाचले. मग जितेश मासवणला रिक्षा घेऊन गेला आणि प्रतीक्षाला सामानासह घेऊन आला. आतली खोली तिची. मी तिच्या खोलीत राहतो.

ती दारात उभी राहून म्हणाली, "आप्पा, भाग्या आल्यावर काय म्हणेल?"

मी म्हणालो, "तो यायच्या आत तू कपाट लाव."

सरावलीचे सदर घर माझ्या पश्चात एकट्या प्रतीक्षाच्या नावे व्हावे. एकट्या हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे, पुन्हा लिहितो, एकट्या. तिने कोणाला ठेवायचे ते ती ठरवील. भाग्येशला माझ्या मृत्यूनंतर एक वर्ष बाहेरच्या खोलीत राहता येईल, पुढे तिच्या मर्जीने.

कलम ७. पोस्टातली व बँकेतली सर्व रक्कम भाग्येशला द्यावी. म्हणजे बापाने काही दिले नाही असे त्याला लग्नकार्यात सांगत फिरता येणार नाही. तो वाईट मनुष्य नाही, हे मी त्याचा बाप म्हणून लिहितो. त्याला जागा दिसली की ती आपली वाटते. हे त्याला आम्ही शिकवलेले नाही.

कलम ८. माझी फिटरची हत्यारे, म्हणजे पाने, कानशी, पाइप पाना व व्हाइस, जितेशला, त्याच्या भावाच्या होडीच्या इंजिनासाठी. त्याने कपाट उचलताना पाठ धरली आहे, त्याबद्दल हे नव्हे. ते मी आधीच ठरवले होते.

कलम ९. टाकी प्रतीक्षाची. तिला माशांतले कळत नाही, म्हणून लिहितो. नवा मासा आणू नये, कोणी भेट दिला तरी. बत्ती गेली की बॅटरीचा पंप लावावा. हे भिंतीवरही चिकटवले आहे, तरी इथे लिहितो, कारण कागद पडतात. कंटाळा आला तर मासे बबलूला परत द्यावेत. पुण्य लागेल म्हणून चिंचणीच्या किनाऱ्यावर नेऊन सोडू नयेत. हे आपल्या समुद्राचे मासे नाहीत, सोडले की मरतील. तेराव्याला गोजराबाई आल्या तर त्यांना पोटभर जेवू घालावे. टाकीच्या खोलीत जाऊ देऊ नये.

कलम १०. हे कलम आता वाढवत आहे. साक्षीदार बसलेले असताना भाग्येशचा फोन आला. त्याला कोणीतरी कळवले होते. "आप्पा, ताई आलीय म्हणे? आणि आमचं कपाट बाहेर का काढलंय?" मी काही बोलायच्या आत प्रतीक्षाने माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटले ती रडेल किंवा मी जाते म्हणेल. ती म्हणाली, "भाग्या, परवा उशीर होणार असेल तर कळव, तुमचं जेवण झाकून ठेवते. आणि आतल्या खोलीत मी असते. दार वाजवून ये."

फोन तिकडून बंद झाला. तिने तो माझ्यापुढे ठेवला आणि साक्षीदारांना चहा विचारला. या कलमानंतर मला लिहिण्यासारखे काही उरलेले नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली, आणि त्यांनी माझ्यासमक्ष केली.

ठिकाण: सरावली, बोईसर
दिनांक: १४ मे २०२५

(सही) रामकिसन तुळशीराम घोलप

साक्षीदार:
१. (सही) जितेश हरेश्वर तांडेल, मूळ राहणार दातिवरे, हल्ली सरावली
२. (सही) बबलू रामसकल गुप्ता, दुकानदार, बोईसर