आबांच्या चपला बालवाडीत

१६ जून ८६, सोम.
पिंकीची बालवाडी सुरू. देवळामागे, मंडळाच्या खोलीत. नात सव्वातीन वर्षांची, पण बोंब अशी ठोकली की दिंडोशीच्या टेकडीपर्यंत गेली असेल. माझ्या सदऱ्याचं बटण तुटून तिच्या मुठीत. बालवाडीच्या प्रभाबाई म्हणाल्या, "आबा, आत बसा थोडा वेळ. रुळेल." बसलो. सुटेपर्यंत.
भाताच्या लावणीच्या आत गावी पोचायचंय. ही तिकडे एकटी, त्यात गुडघा. विलास आणि सूनबाई दोघं नोकरीवर. ठरलंय असं, पिंकी रुळली की दुपारचं चेंबूरच्या विहीणबाई येऊन बघणार, मी मोकळा.

१९, गुरु.
रोज आत बसतोय. चिमण्या-कावळ्यांच्या खेळात मी कावळा. जरा उठलो की पिंकी धोतर धरते. आता बाई म्हणतात, "बसलाच आहात तर माठ भरून ठेवा ना." उभा जन्म गिरणीत कापड विणायचे साचे सांभाळले. तिथे निदान भोंगा झाला की सुटायचो.

२४, मंगळ.
लक्षात आलं. पिंकी सारखी दाराकडे बघते ती माझ्या चपला बघायला. चपला आहेत म्हणजे आबा आहेत. मग काय, चपला तिथेच ठेवून मागच्या दाराने अनवाणी सटकलो. चिखल, खडी, पाय सोलले. गल्लीच्या तोंडाशी शेजारची मेरीबाय: "काय आबा, देवळातून चोरीला गेल्या काय?"
म्हटलं, गहाण ठेवल्यात.
तिकडे पोर रडली नाही. सुंठीवाचून खोकला गेला!

२८, शनि.
चपलांनी पाच दिवस काढले. सूनबाई खूश. आज गावचा बाबल आला, कणगीतले तांदूळ घेऊन. उंबऱ्यातच म्हणाला, "दादानू, वैनीन सांगल्यान, येतलात तर येतंय म्हणा, नायतर नाय म्हणा. वाट बघूक लावू नका."
पुढल्या रविवारी परत जाणार तो. तेव्हा उत्तर द्यायचं.
तिचंही खरं. आपण दुसऱ्याच्या लावणीला गेलो तर तो आपल्याकडे येतो. ही एकटी, तसला गुडघा घेऊन, किती घरच्या चिखलात उतरणार? आणि नाही उतरली तर आमचं शेत पडीक.

१ जुलै, मंगळ.
आणायला गेलो. पिंकी आज लवकर बाहेर येऊन चपलांशेजारी उभी. मला फाटकातून अनवाणी आत येताना तिने बघितलं. पायांकडे बघितलं, चपलांकडे बघितलं. रडली नाही.
"आबा, तू खोटा."
एवढंच. घरी येईपर्यंत बोट धरलं नाही.

२, बुध.
सकाळी दारातच खाली बसून सांगितलं. पिंकू, मी घरी जातो, चपला घालून. सुटायच्या वेळी येतो. भोकाड पसरलं. प्रभाबाईंनी उचलून आत नेली. मी निघालो. चपला असून पाय जड.

४, शुक्र.
आज आत गेली. रडू नाही, काही नाही. वळून म्हणाली, "जा की मग." बाईंनी हसून हात केला.
रात्री जेवताना मी, "बरं, आता गाडीचं बघतो."
मग सूनबाई हळूच, "आबा, माझ्या आईला डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलंय. तिला नाही जमायचं. दुपारी पिंकीला..."
"कधी सांगितलं?"
"झाले चार-सहा दिवस."
चार-सहा दिवस! बरं, पोरीवर रागवू तरी कसा? बिचारी उभ्यानेच जेवत होती. नोकरी सोडली तर हप्ते कोण भरणार.
विलास म्हणतो, "आईलाच इकडे बोलवा ना. शेत देऊ खंडाने."
म्हणजे मी खुंट्याला आहेच, तिलाही आणून बांधू. ती या दोन खोल्यांत? तुळशीलासुद्धा खिडकीतून पाणी घालावं लागतं इथे.
पिंकी म्हणाली, "आबाच आणणार मला." प्रश्न मिटला तिचा.

६, रवि.
बाबल आलाय. पिशवी खांद्याला, निघायच्या तयारीत.
"दादानू, वैनीक काय सांगू?"
विलास पेपराआडून बघतोय. सूनबाई स्वयंपाकघरात, भांड्यांचा आवाज बंद.
म्हटलं, "बस तर आधी. चहा घे."
घेतला. वर भाकरी खाल्ली. आता पुन्हा चहा ठेवायला सांगितलाय. हे आतल्या खोलीत लिहितोय. बाहेर बाबलने पिशवी अजून खांद्यावरून काढलेली नाही.