निवृत्त मामांच्या मंजुऱ्या

सान होसे, गुरुवार

तीर्थस्वरूप विल्मारमामा यांना,

याकेलिनचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? ला पालोमाला मासे गळाला लागतात, की नुसतंच समुद्राकडे बघत बसणं होतं? मामींचा रक्तदाब उतरला असेल अशी आशा आहे. आई बरी आहे, गाई बऱ्या आहेत. इथवर प्रेमाने लिहिलं. यापुढे मी रागावलेली आहे, आणि थोडी तुमच्यावरच.

तुम्हाला दूध संघातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. निरोपाच्या जेवणात मी स्वतः मांस वाढत होते (भाषणात तुम्ही रडलात, मला आठवतं). तरीही गेल्या रविवारी सव्वादहा ते साडेदहाच्या दरम्यान तुम्ही चौदा रजा, सहा टँकर आणि चीजच्या गोदामाची नवी कडी मंजूर केलीत. संघाच्या सॉफ्टवेअरमध्ये तसं स्वच्छ लिहिलं आहे.

माझं काम तुम्हाला ठाऊक नसेल (आईला वाटतं मी कॉम्प्युटर पुसते). संघाचं ते जुनं, अवाढव्य सॉफ्टवेअर आहे ना, त्याच्यावर मी लहान लहान ॲप बसवते. रजेचं वेगळं, टँकरचं वेगळं, गोदामाचं वेगळं. टँकरवाल्याला कुणाचा पगार दिसायला नको, एक ॲप बिघडलं तर बाकीची बंद पडायला नकोत, आणि मंजुरी देणाऱ्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पासवर्डने द्यावी. एवढंच. शेवटच्या अटीवर मात्र सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. तुमचा पासवर्ड, म्हणजे तुमचा फुटबॉल क्लब आणि तो जिंकला ते एकमेव वर्ष, फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही पाठ आहे. हिशेबाच्या मिर्ताबाईंना मी हे सांगायला गेले, तेव्हा येर्बाच्या कडू चहाचा पेला हातोहात फिरत होता. त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पोरी, एका नळीतून आम्ही वीस जण पितो. तू काय प्रत्येकाला वेगळी नळी वाटणार?" चीजवाले रुबेनदादा म्हणाले, "विल्मार गेला कुठे? आमच्यात सगळ्यात जास्त काम तोच करतो."

मी पेला घेतला, प्याले, आणि सोमवारी तुमचं खातं बंद केलं.

नऊ वाजता फाटकावर अकरा टँकर उभे. मंजुरीचा हक्क तुमच्याखेरीज कुणालाच नव्हता. मिर्ताबाईंनी तो मागितला होता म्हणे, पण त्यांचा अर्ज तुमच्याकडे मंजुरीला पडून होता. ऊन चढत होतं, दूध तापत होतं, ड्रायव्हर माझ्या आईची आठवण काढत होते. शेवटी अध्यक्षांच्या लेखी सहीने मिर्ताबाईंना हक्क दिला. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी बटण दाबण्याआधी मजकूर वाचला, आणि दोन टँकर परत पाठवले. दुधात पाणी असल्याचं मजकुरातच लिहिलं होतं, मामा. दोन वर्षं तुम्ही पाणी मंजूर करत होतात.

वाटलं, आता कुणीतरी शाबास म्हणेल. पण जुन्या मंजुऱ्या तपासताना माझंच नाव निघालं. "याकेलिनला तीन महिन्यांच्या परीक्षाकाळानंतर कामावर ठेवावे," मंजूर, विल्मार. सख्ख्या मामाने. मी लगेच माझ्या साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "तुला कुणी विचारलं होतं का?" पण आपल्या घरात शिकलेली पहिली मुलगी मी. ती मामाच्या नावावर नोकरीत घुसली असं कुणी म्हटलेलं मला चालणार नाही.

तुमची भाची,
याकेलिन

ता.क. माझी ती मंजुरी तुम्ही दिली नाही, असं सहीनिशी लिहून पाठवा. ते आल्यावर माझा कागद रद्द होईल आणि माझ्याबद्दल नव्याने ठरवतील. ठरवणार मिर्ताबाई आहेत.

ता.क. २. फोनवरून फोटो पाठवू नका. बसच्या पार्सलनेही नको. साध्या टपालाने पाठवा. मंगळवारी माझे तीन महिने पुरे होतात, त्यानंतर कुणाला सहजासहजी काढता येत नाही. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तुमच्या गुडघ्याने टपालकचेरीपर्यंत घाईने जाऊ नये, एवढंच वाटतं.