अर्धा चमचा

१० जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बातमी कडू आहे, घोळवून सांगत नाही. बाबांच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले. यकृतातली गाठ आता जायची नाही, महिनाभर काढतील, तेवढा त्रासाविना जावा एवढंच आपल्या हाती, म्हणाले. म्हणून त्यांना घरी आणलं. शिवणयंत्र सरकवून खिडकीशी खाट लावली. दर चार तासांनी मॉर्फिनचं औषध चमचाभर देते. मग ते झोपतात, नाहीतर माझी बाही कुठल्या अडाण्याने लावली म्हणून विचारतात. तू लवकर ये.

तुझी धाकटी

१५ जून

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. कारखान्यात तपासणी चालू आहे, सव्वीसला निघतोच. पण मॉर्फिन? अगं, त्याची सवय लागते, माणूस गुंगीत पडून राहतो. मी आपलं शिंपीकामाचं दुकान सोडलं तेव्हापासून अकरा वर्षं बाबा माझ्याशी धड बोललेले नाहीत. मला माफी मागायची आहे, आणि ती त्यांना कळायला हवी. मी येईपर्यंत अर्धाच चमचा दे. एवढं ऐक.

तुझा दादा

२० जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा शब्द मोडवला नाही. अर्धाच देते. बाबा ओरडत नाहीत, पण जन्मभर शिवणाऱ्या माणसाने उशीच्या अभ्र्याची शिवण दातांनी उसवून ठेवली आहे. मला बघवत नाही रे.

तुझी धाकटी

८ जुलै

दादा,

बाबा गेल्यावर तू येऊन गेलास, पण चारचौघांत बोलता आलं नाही. तपासणी लांबल्याचं तुझं कार्ड आलं त्याच दिवशी बाबा गेले.

आदल्या दिवशी इस्पितळातून पंधरवड्याने येणारी नर्स आली. बाटलीत उरलेलं औषध बघून माझ्यावर कडाडली. सवय लागायला हा माणूस उरणार आहे का, म्हणाली. तिने पुरता डोस दिला. तासाभरात बाबांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. नऊ दिवस त्या मी रोज पाहत होते.

मी रडत त्यांना सगळं सांगितलं, अर्धा चमचा का दिला ते, आणि तुमचा राग आहे म्हणून दादाला माफी मागायची आहे तेही. त्यांनी विचारलं, राग कसला? पोराच्या कारखान्यातलं आपल्याला काही कळत नाही, काय बोलावं सुचायचं नाही, म्हणून गप्प बसायचो, म्हणाले. मग झोपले.

सांगितलंस तू, पण ऐकलं मी. लोभ आहेच, तो वाढावा असं मात्र या खेपेला लिहवत नाही.

धाकटी