काकासाहेबांच्या गाडीची सीट

मस्तगड, जालना
९ डिसेंबर २०२४

प्रिय अक्षता,

सप्रेम जयभीम. आम्ही इकडे ठीक आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण शेजारणीशी भांडण्याइतकी ती खुशाल आहे. मंठ्याच्या पाहुण्यांना जयभीम सांग. पोरांची परीक्षा झाली का?

फोनवर बोलता येईना, म्हणून लिहितो.

कारखानदार काकासाहेबांची गाडी परवा पूर्ण झाली. जगात अशी दुसरी नाही, असं ते येईल त्याला सांगतात. पत्रा पुण्यात हातानं ठोकून घेतलाय, दारांना आतून शिसवी लाकूड आहे आणि सगळ्या सीट आपल्या दुकानात झाल्या. पेपरवाले फोटो काढून गेले. मी बाजूला उभा होतो. काही वाटलं नाही.

काकासाहेबांची स्वतःची सीट त्यांच्या अंगावर बेतलेली हवी होती. पिशवीत फोमचं केमिकल ओततात, त्यावर माणूस बसतो आणि ते फुगून घट्ट होईपर्यंत वीस मिनिटं त्यानं हलायचं नाही. सप्टेंबरात काकासाहेब परदेशात होते. बाबांचा बांधा हुबेहूब त्यांचाच, पाठीचा बाकसुद्धा. मी बाबांना बसवलं. "आजपासून भिवाशेठ म्हणायचं मला," असं म्हणत ते ऐटीत बसले.

बाबा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू विचारलंस, बाबा शेवटी काय बोलले? मी म्हणालो, काहीच नाही, अचानक गेले. ते खोटं होतं.

पाचेक मिनिटांनी बाबा म्हणाले, "धम्मपाल, छातीत कळ येऊन राह्यली रे. उठू का?"

मी म्हणालो, "बाबा, बिलकुल हलू नका. दुसरं केमिकल न्हाई आपल्याकडं."

"बरं, बसतो मंग," म्हणाले. पुढं बोललेच नाहीत. कपाळावर घाम होता, तो मी पाहिला. आणि पुन्हा घड्याळ पाहिलं. साचा बिघडू नये एवढंच डोक्यात होतं.

वीस मिनिटं भरल्यावर हात दिला, तर ते उठलेच नाहीत. दवाखान्यात नेलं, तिथं डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटं आधी आणायला पाहिजे होतं. ती पंधरा मिनिटं बाबा माझ्यासमोरच बसले होते. आईला यातलं काही माहीत नाही.

मला अजून रडू आलेलं नाही. जेवतो, दुकान उघडतो, शिलाई करतो. लाज मात्र दिवसभर वाटते.

काल काकासाहेब त्या सीटवर बसले. म्हणाले, "बराबर बसली. पाठीला कुणी हात दिल्यासारखं वाटतं." मी मान हलवली.

आईला सांगायचं की नाही, तू ठरव. मला काही ठरवता येत नाही.

बाबांना उठू न दिलेला,
तुझा दादा
धम्मपाल