रिकामी बॅग

बनी पार्क, जयपूर
१८ मे २००७

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पोटात गाठ आहे हे तू जितक्या सहज लिहिलंस, तितकं सहज मला वाचता आलं नाही. सात जूनला तुझं ऑपरेशन, आणि मी इथे अडकलेली.

गंधारच्या सिनेमाचं तुला माहीत आहेच. पैसे नाहीत म्हणून नायिका मी, घर आमचंच, आणि बँकेतून आल्यावर थर्माकोल धरून उजेड पाडायला हे. गोष्ट एका बाईच्या एका दिवसाची, पण तो दिवस दीड वर्ष संपत नाही. तोवर तेच पडदे, तीच मोरपंखी साडी, कॅलेंडरवर तोच महिना. केस कापायचे नाहीत, बारीक व्हायचं नाही. आवाज येतो म्हणून कूलर बंद, खिडक्या बंद. घामाने निथळत मी कणीक मळते, आणि बाहेर मोर ओरडला की पुन्हा पहिल्यापासून.

कॅमेरा राजा पार्कातल्या, लग्नांचे व्हिडिओ काढणाऱ्या एकाचा. एरवी हाती लागत नाही. आता अधिक महिन्यात मुहूर्त नाहीत, म्हणून महिनाभर आमचा. जूनअखेर यांची भोपाळला बदली, घर सोडायचं. म्हणजे काय व्हायचं ते याच महिन्यात. शेवटी ती बाई बॅग घेऊन घर सोडते. त्याची तालीम करताना गंधार रोज चिडतो. म्हणतो, आई, रिकामी बॅग तू रिकाम्यासारखीच उचलतेस.

तूच सांग, कशी येऊ? लोभ आहेच, तो या उन्हात आटू देऊ नकोस.

तुझी,
अलका

सातारा
२४ मे २००७

चि. सौ. अलकास,
अ. उ. आ.

धोंड्याच्या महिन्यात लोक जावयाला अनारसे खाऊ घालतात. तुझ्या लेकाने आईलाच कोंडून घातलंय. बरं आहे, निदान एक नटी तरी झाली आपल्या घरात.

फोनवर मला नीट बोलता येत नाही. इथे सगळे कान लावून असतात आणि त्यांच्यासमोर धीट राहावं लागतं. म्हणून लिहिते. अलका, मी घाबरले आहे. गाठ कसली आहे ते उघडल्याशिवाय कळणार नाही म्हणतात. तुझे भावोजी तर दवाखान्यात माझ्याहून पांढरे पडतात. शुद्धीवर येताना मला समोर तू हवी आहेस, एवढंच.

तरी सिनेमा अर्धा टाकून ये, असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर तू येशील, आणि मग गंधारच्या तोंडाकडे बघवणार नाही तुला. जमलं तर ये. नाहीच जमलं तर माया तिकडूनच पाठव, मला पोचते.

तुझी,
ताई

बनी पार्क, जयपूर
३० मे २००७

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

काल गंधारला सांगितलं की ताईचं ऑपरेशन आहे, मला जायचंय. तो उठून कॅमेऱ्याची काच पुसत बसला. ओरडला असता तर मीही ओरडले असते. जेवलाही नाही. शेवटी मीच म्हटलं, जात नाही. यांनी ते ऐकलं आणि पेपर तोंडासमोर धरला.

चार सीन राहिलेत. साडी नेसताना मला आता रडू येतं, आणि तो म्हणतो, चेहरा छान दिसतोय, असाच ठेव. फार राग येतो गं त्याचा. या सिनेमासाठी त्याने नोकरी सोडली हे आठवतं आणि मग जीवही तुटतो.

मी येत नाही, ताई. माफ कर म्हणत नाही, कारण तू लगेच करशील. भांड, पण लोभ सोडू नकोस.

तुझी,
अलका

बनी पार्क, जयपूर
५ जून २००७

ती. सौ. मावशीस,
सा. न.

माझं मराठी हिंदी शाळेतलं आहे, सांभाळून घ्या. हे कुरियरने पाठवतोय, पोचेल तेव्हा आई तुमच्याजवळ असेल.

आज दुपारी शेवटचा सीन घेतला. बाबा म्हणाले, डोकं दुखतंय, आज थर्माकोल धरणार नाही. आई बॅग घेऊन निघाली. मतलब, मी बघतच राहिलो. एका बाजूला झुकून, हात बदलत, पायरीवर दम घेत. दीड वर्ष जे सांगत होतो ते तिने आज केलं. मी कट म्हटलंच नाही. ती फाटक उघडून रस्त्यावर गेली तरी माझं शूटिंग चालू. कोपऱ्यावर एक स्कूटर उभी होती. मला राग आला, फ्रेममध्ये हा कोण मूर्ख आला म्हणून. झूम केलं तर बाबा. आई मागे बसली आणि दोघं स्टेशनकडे गेले.

तेव्हा समजलं की बॅग भरलेली होती.

खूप वेळ दारातच बसलो. तुम्ही किती घाबरला आहात हे मी आईला एकदाही विचारलं नव्हतं. मग आत जाऊन खिडक्या उघडल्या, कूलर लावला, पडदे काढले. मधले तीन सीन राहिले, ते राहू दे. त्यांच्याशिवाय जो होईल तो सिनेमा.

बऱ्या झालात की मला रागवा, आणि त्यानंतर थोडा लोभ करा.

तुमचा,
गंधार

ता. क. आई तीच मोरपंखी साडी नेसून आली असेल. ती कुणालाही देऊन टाकायला सांगा. मला रीटेक नको.