खऱ्या विमानातही असंच

सोमवार, ७ एप्रिल

कलियुगाची लक्षणं सांगताना पुराणकारांकडून कागदी पेला राहून गेला. आज नव्या कचेरीत रुजू झालो आणि स्वागताला आचमनापुरता चहा आला. तोही 'केशवाय नमः' म्हणायच्या आत संपला. सोलापुरात पाण्याची टंचाई ऐकून होतो, चहाची नव्हे. योग्य ठिकाणी तक्रार नोंदवावी म्हटलं, तर कळलं की तक्रारी नोंदवून घेण्याच्या जागेवर मीच नेमला गेलो आहे.

बाकी जागा उत्तम. होटगी रस्त्याला यंत्रमागाची बंद पडलेली दुमजली शेड आहे. जिथं माग होते तिथं आता संगणक खटखटतात. संगणकावर लढाऊ विमान चालवण्याचा खेळ जगभर लोक खेळतात. त्यासाठी मालक तिप्पण्णा एक जुनं, दोन आसनांचं विमान हुबेहूब बनवतो. स्वतः मात्र स्कूटरवरसुद्धा घाबरत येतो.

सांगोल्याच्या शाळेनं संस्कृतची तुकडी बंद केली तेव्हा माझ्या धाकट्या भावानं, अजिनाथनं, इथं शब्द टाकला. विमान चालवून त्यातल्या चुका शोधणं हे त्याचं काम. तरुणपणी तो हवाई दलाच्या निवडीला गेला होता. कानातल्या दोषापायी परत पाठवला गेला, तेव्हापासून खुर्चीवरूनच उडतो. खुर्चीवरून पडल्याला वीरमरण म्हणत नाहीत, असं मी म्हटलं. "आण्णा, शेळ्यांची शेपटं बघत मोठा झालास तू, तुला आभाळ काय कळतंय," असं उत्तर आलं. भाऊ एकूण आनंदात आहे.

गुरुवार, १० एप्रिल

गिऱ्हाईक भलतंच चिकित्सक. एकानं कळवलंय की डाव्या पंखाखाली एक रिव्हेट कमी आहे. असा गृहस्थ घरी आमटीत मीठ कमी पडल्यावर काय करत असेल!

प्रत्येक तक्रारीला तीनपैकी एक निकाल द्यायचा: 'दुरुस्त करू', 'आम्हाला दिसलं नाही' किंवा 'खऱ्या विमानातही असंच'. तिसरा तिप्पण्णाचा लाडका, कारण त्यानंतर कुणाला काही करावं लागत नाही. त्याला खरं तर पुरावा हवा. विमानाची पुस्तिका, नाहीतर ते विमान चालवलेल्या माणसाची साक्ष. आमच्या न्यायशास्त्रात याला शब्दप्रमाण म्हणतात. प्रमाण नसलं की तिप्पण्णा म्हणतो, "गुरुजी, टाका की तिसरा. तुमची भाषा लई वजनदार हाय, कोण इचारतंय?" मी टाकतो. रोज बरेच टाकतो.

आज एकाची तक्रार होती की जोरात वळण घेतलं की वैमानिकाची डावी मूठ आवळते, ती विमान उतरेपर्यंत सुटत नाही. मी रक्ताभिसरणावर चार गंभीर ओळी लिहून मिटवली. एकदा मिटलेली तक्रार पुन्हा उघडायची, तर ती चूक घडतानाचं चित्रण दाखवावं लागतं. हा तिप्पण्णाचा वज्रलेप नियम. नाहीतर कुरकुरणारे कशालाच मिटू देणार नाहीत.

शनिवार, १२ एप्रिल

सकाळपासून अजिनाथची डावी मूठ आवळलेली. आत एखादा दांडा असावा तशी. मी भाकरी मोडून दिली, शेंगाचटणी कालवून दिली. "आता घास बी भरव की," म्हणाला. डॉक्टरांनी शीर आखडल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या.

दुपारी कचेरीत गेला. कालचं विमान त्यानं हवेतच थांबवून ठेवलं होतं, ते एका हातानं उतरवलं. चाकं धावपट्टीला टेकली आणि मूठ उघडली.

आम्ही दोघं हसलो. तो जरा उशिरा हसला.

मंगळवार, १५ एप्रिल

काल एक फुटकळ तक्रार मिटवली होती. आभाळ निरभ्र असतानाही विमानातल्या आरशात ढग दिसतात. 'खऱ्या विमानातही असंच.'

आज भर उन्हात अजिनाथच्या मोटारसायकलवर मागं बसलो होतो. आभाळ तव्यासारखं कोरडं. आरशात ढग. पांढरे, मोठे, मागं पळणारे. मी त्याला थांबवलं. त्यानं रुमालानं आरसा पुसला. ढग तिथंच. मान वर करून आभाळ पाहिलं, पुन्हा आरशात पाहिलं.

मला वाटलं घाबरेल. "किती झ्याक हायती की," एवढंच म्हणाला आणि बराच वेळ बघत राहिला.

बुधवार, १६ एप्रिल

दिवसभर मी मिटवलेल्या तक्रारी वाचल्या. बहुतेक क्षुल्लक. एक नाही.

'वैमानिकानं आसनासकट विमानाबाहेर उडी घेतली की तो हवाई छत्रीनं सुखरूप खाली येतो. पण श्वास घेत नाही. श्वासाचा आवाज रिकाम्या विमानातच चालू राहतो.' खाली माझा निकाल: 'खऱ्या विमानातही असंच. वैमानिकाचा जीव विमानात असतो.'

वाक्यावर मी खूश झालो होतो, हेही आठवतं.

तिप्पण्णाला म्हटलं, ही उघड. आधी हसला. माझा चेहरा पाहून हसायचा थांबला. पण नियम नियम. चित्रण आणा म्हणाला. अजिनाथला हात जोडले — काहीही कर, उडी घेऊ नकोस. "मंतर घातलास व्हय आण्णा माझ्यावर?" म्हणून त्यानं माझी पाठ थोपटली. मी थोरला, आणि पाठ त्यानं थोपटली.

गुरुवार, १७ एप्रिल, दुपार

त्यानं उडी घेतली.

मी चहाला खाली गेलो होतो, तेवढ्यात. चित्रण माझ्या संगणकावर ठेवलं होतं, जोडीला दोन ओळी — आण्णा, घे पुरावा, आता तरी नीट जेव. माझ्यासाठी केलं. माझ्या मनाला शांती म्हणून.

तक्रार उघडली. तिप्पण्णानं निकाल बदलला, 'दुरुस्त करू'.

अजिनाथ खुर्चीत बसलाय. डोळे हलतात. हात उबदार. छाती हलत नाही. तोंडापुढं चष्मा धरला, काच स्वच्छ राहिली. बोलता येत नाही — बोलायला वारा लागतो.

डॉक्टर आले. नाडी लागते म्हणाले, छाती ऐकली, यंत्र बिघडलंय म्हणाले, दुसरं आणायला गेले. अजून आलेले नाहीत.

त्याचा हेडफोन कानाला लावला. आत श्वास. संथ. आत — बाहेर —

त्याच दिवशी, थोड्या वेळानं

दुरुस्ती घालायची तर हे उड्डाण बंद करावं लागेल, तिप्पण्णा म्हणतो. बंद केलं तर आतला श्वासही बंद.

म्हणजे आधी उतरवायचं. शनिवारी चाकं टेकताच मूठ सुटली, तसा श्वासही परत येईल, ही आशा. पुढचं आसन उडीबरोबर गेलं, ते आता कुणाचं ऐकत नाही. मागचं ऐकतं, माझ्या संगणकावरून. तिप्पण्णाला विमान बनवता येतं, चालवता येत नाही. वीज गेली, संगणक बॅटरीवर तगलेत. तो खाली जनरेटरशी झटतोय. "गुरुजी, तुमीच धरा," जिन्यातून ओरडला. मी. ज्याला सायकलवरून उतरताना झाड लागतं.

इंधनाचा काटा खाली —

नंतर

विमान आपोआप सरळ चाललंय. एका हातानं लिहितोय. अजिनाथ शेजारी आहे, बोटानं काटे दाखवतो. समोर धावपट्टी. नाक खाली घेतलं.

श्वास अडखळला.

त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. वाटलं शिकवतोय. त्यानं जॉयस्टिक मागं ओढली. विमान वर. श्वास संथ.

चुकून झालं असेल.

पुन्हा नाक खाली — पुन्हा त्याचा हात —

तिसऱ्यांदाही. माझ्याकडं बघतो. रागानं नाही. लहानपणी उठवायला गेलो की बघायचा, तसा. अजून थोडं, आण्णा.

जनरेटर चालू आहे. त्याची काळजी नाही. इंधन — एका फेरीपुरतं उरलंय, त्याचीही नाही, खरं सांगायचं तर. इतकी वर्षं एका छपराखाली झोपलो, इतका शांत श्वास मी त्याचा कधी ऐकला नाही. मला काळजी एवढीच आहे की अजिनाथला खाली यायचंच नाही. आणि त्याचा हात बाजूला सारायचा, तर मला दोन्ही हात लागतील, म्हणून हे लिहिणं आता —