डाव्या अंगठ्याची जागा

हिगाशी-ओसाका,
१२ नोव्हेंबर २००९

प्रिय इवाओदादा,

नमस्कार. तिकडे बर्फ पडायला लागला असेल. शिंपल्यांच्या कारखान्यात दिवसभर गार पाण्यात हात असतात म्हणे. हातमोजे घालतोस ना? बाबा बरे आहेत. गुडघे कुरकुरतात, पण रोज सकाळी कार्यशाळेत येऊन बसतात आणि माझ्या कामात खोट काढतात.

गेल्या महिन्यात किनुए नावाच्या एक बाई आल्या. संधिवाताने बोटं वाकडी झालेली. मुलगी नागोयाला असते. रोज संध्याकाळी दोघी आपापल्या घरी बसून एकत्र व्हिडिओ गेम खेळतात. तेवढीच भेट. पण अर्ध्या तासात बाईंचा अंगठा ठणकायला लागतो. मी फळीवरचे आपले कंट्रोलरचे जुने लाकडी नमुने पुढ्यात ठेवले. एकेक उचलून त्यांनी खाली ठेवला. तुझा उचलला, तो ठेवलाच नाही.

"हा कुणी केलाय?"

"माझ्या भावाने."

"त्यांनी माझा अंगठा कधी पाहिला हो?"

तू अंगठ्याने फिरवायची डावी स्टिक वर, बाहेरच्या अंगाला बसवली होतीस. म्हणायचास, "मूठ सैल सोड. अंगठा आपोआप टेकतो तिथे स्टिक. बटणं खाली, ती अधूनमधूनच लागतात." दुसऱ्या नमुन्यात दोन्ही स्टिक खाली, समोरासमोर. दिसायला देखणा, पण अंगठा मुडपून आत न्यावा लागे. स्टेशनजवळच्या सभागृहात मी तीस जणांना दोन्ही हाताळायला दिले आणि निकाल घरी आणला: बावीस जण दुसऱ्याच्या बाजूने.

तू वाद घातला नाहीस. "माझा हात मला खोटं सांगतो," एवढंच म्हणालास, पटाशी पुसून ठेवलीस आणि वसंतात उत्तरेला निघून गेलास.

ज्या गेम कंपनीसाठी आपण ते नमुने केले, तिला दुसराच हवा होता, हे खरं. त्यांना दुखवलं असतं तर काम हातचं गेलं असतं, असंही मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. पण दादा, त्यासाठी मी ते केलं नाही.

बावीस जणांनी तुझा नमुना निवडला होता. घरी येण्याआधी गाडीत बसून मी निकालाचा नवा तक्ता केला आणि त्यात आकडे उलटे लिहिले. दुसरा नमुना माझा होता. बाबा नेहमी म्हणायचे, "हात इवाओचा. तोमोएचं आपलं मापात बसतं, इतकंच." मला एकदा जिंकायचं होतं. तू चिडशील, पुन्हा चाचणी घ्यायला लावशील, असं धरून चालले होते. तू माझ्यावर विश्वास ठेवलास.

रविवारी बाबांना सांगितलं. त्यांनी चहाचा पेला बाजूला सारला. मग म्हणाले, "मला काय सांगतेस? अकरा वर्षं ज्याने हत्यार धरलं नाही, त्याला सांग."

किनुएबाईंचा कंट्रोलर मी तुझ्या मापाने करते आहे. त्यासाठी तुला परत बोलावत नाही. माफीही पत्रातून मागणार नाही. बावीस तारखेला, रविवारी दुपारी तुझ्याकडे मोनबेत्सुला पोचते. त्या तीस जणांनी स्वतः भरलेले कागद बरोबर आणते आहे. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझा हात खरा होता, हे तेव्हाच ठाऊक असलेली,
तोमोए